चारशे नंबरच्या पुढे

मिलीताईने मायक्रोस्कोपचं भिंग तिसऱ्यांदा पुसलं, दिवा जवळ ओढला आणि पुन्हा डोळे लावले. फरक काही पडला नाही. खाचेच्या पट्टीत चिकटवलेली लाकडाची कांडी समोर होती. अर्ध्यापर्यंत तिच्यावरच्या कड्या नीट दिसत होत्या. पुढे जिथे त्या एकमेकींना खेटून बसल्या होत्या, तिथे मात्र दुधावर साय धरावी तसं काहीतरी धरलं होतं.

तिने दिव्याचा बल्ब बदलला. उठून खिडकीचा पडदा ओढला, बसली, पुन्हा उठून तो उघडला.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली. ही मुलगी दोन वर्षांपासून प्रबंधासाठी इथे कड्या मोजत होती, म्हणून सगळे तिला प्रबंधवालीच म्हणत.

“ताई, काही हवंय का?”

“काही नको गं. हा बदलीवर आलेला माणूस कांडी घासतो की नुसता कुरवाळतो, तेवढं फक्त कळत नाहीये.”

प्रबंधवाली हसली आणि परत आपल्या कामाला लागली. ताईला स्वतःला काही हसू आलं नाही. सकाळपासूनची ही चौथी कांडी होती, आणि चारही कांड्यांनी तिला अर्ध्या वाटेत सोडून दिलं होतं.

मिलीताई हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारी बाई म्हणून कुण्या जुन्या विद्यार्थ्याने ते ठेवलं, आणि सव्वीस वर्षांत ते इतकं घट्ट बसलं की पगारपत्रकावरचं खरं नाव वाचताना तिलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटे. विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत झाडांच्या कड्या वाचून जुन्या पावसापाण्याचा माग काढत. पोकळ गिरमिटाने उभ्या झाडाच्या खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, भट्टीत मंद आचेवर वाळवायची, पट्टीच्या खाचेत चिकटवायची, घासून गुळगुळीत करायची आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेक कडी मोजायची. दर वर्षाची एक कडी. पाऊस चांगला तर कडी रुंद, वर्ष कोरडं तर अरुंद, आणि फारच वाईट वर्ष असलं तर जेमतेम केसाएवढी.

मोजणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दोन टेबलं, दोन मायक्रोस्कोप, प्रत्येकाखाली एक सरकती फळी आणि ती सरकवायला चिमुकलं हँडल. एक कडी सरली की बटण दाबायचं. आकडा आपोआप कॉम्प्युटरात जाऊन बसे. दर दहाव्या कडीवर सुईने एक बारीक भोक पाडायचं, पन्नासाव्या कडीवर दोन, शंभराव्यावर तीन. पलीकडच्या फ्रिजमध्ये तळ्यांच्या तळाचा गाळ आणि पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या असत. त्यात कुणी चुकून जेवणाचा डबा ठेवला तर सर त्याच्याशी दिवसभर बोलत नसत. गच्चीवर पाऊस मोजायचं भांडं होतं. मागे नमुन्यांचं कोठार होतं, जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर हजारो पट्ट्या. आणि अगदी खाली, तळघरात, मिस्त्रींचं वर्कशॉप होतं. तिथून घासून आलेल्या कांडीशिवाय वरच्या मजल्यांवरच्या कुणाचंच पान हलत नसे.

हे मिस्त्री तीन आठवड्यांपासून रजेवर होते. स्कूटरवरून घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये अडकवून घरी बसले. त्यांनी आधी तयार करून ठेवलेल्या पट्ट्या कालपर्यंत पुरल्या. आजपासून बदलीच्या माणसाचं काम वर आलं होतं.

आणि सध्याचं काम साधंसुधं नव्हतं. शहरासाठी नवा जलाशय बांधायचा होता. गेल्या तीनशे वर्षांत ओळीने तीन-तीन वर्षं कोरडी किती वेळा गेली, हे पाणीखात्याला हवं होतं. जलाशय केवढा हवा ते त्यावरून ठरणार होतं. एक कडी जरी मोजायची राहिली, तरी तिच्या आधीचं प्रत्येक वर्ष एकेक घर सरकतं आणि एका सालाचा दुष्काळ भलत्याच सालाच्या माथी बसतो. मोजणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून बसायचं, ते याचसाठी.

ताई पट्टी घेऊन तळघरात गेली.

“भाऊ, ही जरा पुन्हा घासा.”

बदलीवाल्याने मशीन बंद केलं. भुसा ओढणारा पंखा घरघरत थांबला. त्याने पट्टी उजेडात तिरपी धरून पाहिली.

“काय राहिलं हिच्यात?”

“कड्या दिसत नाहीत.”

त्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. ऐंशी नंबरचा घासायचा कागद, मग दीडशे, मग दोनशे चाळीस, शेवटी चारशे; आकडा वाढेल तसा कागद बारीक. खाली सरांची सही.

“चारशेवर थांबा म्हणून लिहिलंय. मी वर आणखी दहा मिनिटं दिलीत.”

“मिस्त्रींची कांडी अशी नसते.”

“ते मिस्त्रींनाच विचारा, ताई. मी खुर्च्या-टेबलं करणारा माणूस. मला सांगितलं तेवढं केलं.”

तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याला रागही आला नव्हता. ताई तशीच वर आली आणि पट्टी प्रबंधवालीपुढे ठेवली.

“बघ बरं, तुला काय वाटतं.”

मुलीने पट्टी फळीवर बसवली आणि हँडल फिरवलं. एक, दोन, पाच, आठ कड्या तिने न अडखळता पार केल्या.

“छान आहे की. ही बारीक, ही त्याहून बारीक... ओळीने तीन आहेत, ताई. आपल्याला हव्यात तशाच.”

ताईने पट्टी परत उचलून घेतली.

“हो ना,” ती म्हणाली, “मलाही तेच वाटलं.”

सव्वीस वर्षांत कडीच्या बाबतीत ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. आपल्या टेबलाशी येऊन तिने मायक्रोस्कोपवर कापड घातलं आणि काही न करता बसून राहिली. घरी हल्ली सुईत दोरा नवरा ओवून देत असे. औषधाच्या पाकिटावरची तारीखही तोच वाचून दाखवी. हे सगळं तिने दिव्यांवर ढकललं होतं, छपाईवर ढकललं होतं, एकदा तर दोऱ्याच्या कंपनीवर ढकललं होतं. पण मायक्रोस्कोपखाली दिसतंय ना, मग डोळे ठणठणीत आहेत, असा तिचा हिशेब होता. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. सरांना कळलं तर ती चार वर्षं खालच्या ऑफिसात आवक-जावक टपाल लिहिण्यात जातील, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तेवढंच काय ते स्पष्ट दिसत होतं.

जेवणाच्या सुट्टीत बदलीवाला बाहेर गेला तेव्हा ती पुन्हा खाली उतरली. मिस्त्रींची एखादी जुनी पट्टी मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवून फरक बघावा, एवढंच तिच्या मनात होतं. मिस्त्रींच्या कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे करवतीच्या खिळ्यालाच लटकत होती.

वरच्या फळीवर गोंदाच्या बाटल्या, चिमटे, एक जाड भिंग. मधल्या फळीवर कागदांचे गठ्ठे, आणि त्यांच्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेले आकडे. दीडशे, दोनशे चाळीस, चारशे. चारशेच्या मागे आणखी गठ्ठे होते. सहाशे. आठशे. हजार. बाराशे. ते तक्त्यात कुठेच नव्हते. शेवटच्या गठ्ठ्यासोबत लाकडाचा एक ठोकळा होता, त्याला मऊ चामडं गुंडाळलेलं, आणि चामडं मधोमध झिजून काचेसारखं झालेलं. गठ्ठ्यावर त्याच पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘वर, डावं टेबल. हाताने.’

डावं टेबल तिचं होतं.

खाली एक तारीख होती. दोन वर्षांपूर्वीची. ताई मिस्त्रींच्या स्टुलावर बसली आणि तिला तो महिना आठवला. प्रबंधवाली नुकतीच आली होती. तिने तपासायला म्हणून ताईने मोजलेली एक कांडी घेतली आणि तिची एक कडी जास्त भरली. खरंच होती ती कडी. ताईच्या नजरेतून सुटली होती. ‘होतं कधी कधी,’ सर म्हणाले आणि विषय संपला. मिस्त्री तेव्हा दारात पट्ट्यांचा ट्रे घेऊन उभे होते. त्यानंतर आठवड्याभरात वर येणाऱ्या कांड्या अशा लख्ख झाल्या, की ताईची भीती पार पळाली. विद्यार्थ्यांपुढे तिने ऐटीत सांगितलंही, की बाबांनो, डोळे असावेत तर असे. आणि मागच्या वर्षी मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, तीच म्हणाली होती, “मिस्त्री हल्ली फार ढिले पडलेत. सहा कांड्यांना चार दिवस लावतात.”

तिने बाराशेचा गठ्ठा पर्समध्ये ठेवला, किल्ली खिळ्याला लावली आणि ऑफिसात गेली.

“मिस्त्रींच्या घरचा पत्ता हवाय.”

“पूर्ण नाव सांगा,” कारकून रजिस्टर उघडत म्हणाला.

पूर्ण नाव ताईला माहीतच नव्हतं. बावीस वर्षं एकत्र काम करून.

“तळघरातले मिस्त्री,” ती अखेर म्हणाली.

“या रजिस्टरात मिस्त्री नावाचा कुणी नाही हो, ताई.” पण त्याने शोधून चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. नाव विचारायची तिला लाज वाटली.

मिस्त्रींनी डाव्या हाताने दार उघडलं. ताईला पाहून आधी ते गोंधळले, मग घाबरले.

“काही बिघडलं का? मशीनचा पट्टा तुटला?”

“मशीन धडधाकट आहे. तुम्ही कसे आहात ते बघायला आले.”

खोली लहान होती आणि तिच्यातलं एकही दार, एकही खण करकरत नव्हता. टेबलावर एक अर्धा घासलेला लाकडी चमचा पडला होता. डाव्या हाताला वळण लावायचा प्रयत्न चालला असावा. ताईने पर्समधून गठ्ठा काढून त्या चमच्याशेजारी ठेवला. मिस्त्रींनी तो पाहिला आणि चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली.

“बदलीवाल्याला सांगायचं राहून गेलं,” ते म्हणाले. “घाईत पडलो ना.”

“पडायचीसुद्धा घाई असते का, मिस्त्री?”

ते हसले. ताई हसली नाही.

“दोन वर्षं?”

“झाली असतील.”

“आणि हाताने?”

“सहाशेच्या पुढे मशीन नाही चालत. लाकूड तापतं, कड्या काळवंडतात. हातानेच करावं लागतं.”

“आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत.”

“काय बोलणार? ताई, तुम्हाला दिसत नाही, असं? तुम्ही मला माझ्याच वर्कशॉपातून हाकलून दिलं असतंत.”

“दिलंच असतं,” ताई म्हणाली.

“मग.”

आतल्या खोलीत कुणीतरी पातेलं धूत होतं. ताईने पर्सचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला आणि सोडला.

“मी मीटिंगमध्ये म्हणाले होते, मिस्त्री ढिले पडलेत. तुमच्या तोंडावर.”

“म्हणालात खरं. सरांनी मला नंतर विचारलं, बाबा, एवढा वेळ का लागतो? मी म्हटलं, वय झालं, सर.”

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आधीच धूसर झालेल्या डोळ्यांना हे आणखी कुठून सुचलं, असं मनाशी म्हणत तिने ते पुसलं.

“पण का, मिस्त्री?”

मिस्त्रींनी प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं.

“मी नवीन होतो तेव्हाचं तुम्हाला आठवत नसेल. बारा कांड्या चिकटवल्या होत्या. सगळ्या आडव्या फिरलेल्या, पाव वळसा. घासून घासून दमलो, कडी म्हणून दिसेना. मला काय माहीत, लाकडाचे धागे उभे ठेवायचे असतात ते. तोपर्यंत मी फक्त दारं-खिडक्या केल्या होत्या. जुने सर तर कसे होते, तुम्हाला ठाऊक आहे. म्हटलं, आज नोकरी गेली.”

“मग?”

“मग तुम्ही खाली आलात. कांडी बघितलीत आणि म्हणालात, मिस्त्री, लाकूड कुशीवर झोपलंय, त्याला उताणं करू या. चहाची किटली आणलीत. वाफेवर एकेक कांडी सोडवून फिरवत तीन दिवस बसलात. सरांना सांगितलंत, कांड्या ओल्या आहेत, वाळायला वेळ लागेल.”

ताईला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

“आणि मग मला वर नेऊन तुमच्या खुर्चीवर बसवलंत,” मिस्त्री म्हणाले. “म्हणालात, आता बघा कशासाठी घासताय ते. तोवर मला कुणी काही दाखवलं नव्हतं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, आज मी दीडशे वर्षांमागचा पाऊस बघितला. ती म्हणाली, जेवून घ्या आधी.”

या वेळी दोघंही हसले. मग ताईने येताना रस्ताभर ठरवलेलं बोलून टाकलं.

“मी उद्या सरांना सांगणार आहे. गेल्या दोन वर्षांचं मोजलेलं तुमच्यामुळे बरोबर आहे, वर त्या मुलीने तपासलेलंही आहे. पण त्याआधीचे सहा महिने मी एकटीच मोजत होते. तेव्हा तुमचं बाराशे नव्हतं आणि माझे डोळे गेलेलेच असणार. त्रेचाळीस कांड्या आहेत. सगळ्यांत जुनी झाडं त्यातच आहेत. आणि त्याच आकड्यांवर ते जलाशय बांधणार.”

मिस्त्री उठले. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, तिथे जरा वेळ उभे राहिले आणि पाण्याचा पेला घेऊन परत आले.

“मग त्या त्रेचाळीस कोण तपासणार?”

“मोजीन मी, डोळे नीट झाल्यावर. तपासायला दुसरा माणूस लागतो. बघू.”

“बघू,” मिस्त्री म्हणाले आणि पेला तिच्यापुढे सरकवला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ताईने यादी टेबलावर ठेवली, त्रेचाळीस नंबर, स्वतःच्या हाताने लिहिलेले. सरांनी चष्मा काढला.

“ताई, माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. तुम्हा सगळ्यांना वाटलं, मी परिषदेला गेलोय.”

त्यांनी चष्मा पुसून परत चढवला.

“मोतीबिंदूने कुणाचं टेबल जात नाही. तुमचं टेबल तिथेच राहील.” त्यांनी यादीवर बोट ठेवलं. “पण याचं मात्र अवघड आहे. पाणीखात्याचा नियम तुम्हाला माहीत आहे. एक मोजणारा, एक तपासणारा, दोन सह्या; अहवाल माझा, म्हणून तपासणारा मी चालत नाही. ही मुलगी पुढच्या महिन्यात डोंगरात जातेय, वर्षभर नाही यायची. दुसरी सही नसली तर मला या त्रेचाळीस अहवालातून वगळाव्या लागतील.”

“मग जुना भाग सगळाच जाईल.”

“जाईल,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

डॉक्टरांनीही मोतीबिंदूच सांगितला. ऑपरेशनला अर्धा तासही लागला नाही. आठवड्याने दुसरा डोळा झाला. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा ताईला पहिल्यांदा दिसलं, की दवाखान्याची भिंत पिवळी नसून पांढरी आहे, आणि नवऱ्याच्या शर्टाला दोन गुंड्या वेगळ्या रंगाच्या लावल्या आहेत. त्या तिनेच लावल्या होत्या.

महिन्याने ती मायक्रोस्कोपशी बसली. समोर बदलीवाल्याची पट्टी होती, साधी चारशे नंबरची. तिच्यातल्या कड्या अशा एकेक करून पुढे आल्या, जशी गावाहून आलेली भावंडं दारात ओळीने उभी राहावीत. ताईला अतोनात आनंद झाला. तिने बदलीवाल्याला खाली निरोप पाठवला, की भाऊ, तुमचं काम चोख होतं, चूक माझी होती. मग कोठारातून त्रेचाळीस पट्ट्या काढून आणल्या आणि बारा दिवसांत पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस जशाच्या तशा निघाल्या. चार कांड्यांत मिळून पाच कड्या तिने तेव्हा सोडल्या होत्या. पाचही कोरड्या वर्षांच्या.

तक्ता भरून झाला. ‘मोजणारा’ या रकान्यात तिच्या त्रेचाळीस सह्या होत्या. शेजारचा ‘तपासणारा’ हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. प्रबंधवालीचं टेबल आवरलेलं होतं; ती दोन आठवड्यांपूर्वीच गेली होती. सर खिडकीशी उभे राहून तो कागद बघत होते.

“बरोबर आहे हे सगळं, मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पण मी एकट्याने म्हणून उपयोग नाही.”

तेवढ्यात दारात मिस्त्री दिसले. प्लास्टर निघालं होतं, हात वाळलेल्या काटकीसारखा झाला होता. काखेत एक लांबोळी वही होती, कोपरे दुमडलेली.

“सर, हे काही कामाचं आहे का बघा,” ते म्हणाले. “नसेल तर राहू दे.”

सरांनी वही उघडली. डावीकडे कांडीचा नंबर, मध्ये तारीख, उजवीकडे एक आकडा. पानामागून पान तसंच. पेन्सिल सुताराची, जाड. जुन्या पानांवर फिकट झालेली.

“काय आहे हे?”

“कड्या. वर पाठवायच्या आधी मी मोजतो. भिंगाने. रुंदी नाही येत मला, नुसत्या कड्या.”

“कधीपासून?”

मिस्त्रींनी ताईकडे पाहिलं.

“ताईंनी खुर्चीवर बसवलं, तेव्हापासून.”

सर पानं उलटत मागे गेले आणि अडीच वर्षांपूर्वीच्या तारखांशी थांबले. कागद शेजारी धरून त्यांनी पहिला आकडा वाचला. ताईने आपला सांगितला. जुळला. दुसरा जुळला. बोट खाली सरकत राहिलं. त्या चार कांड्या आल्या. तिथेही वहीतला जुना आकडा ताईच्या आजच्या आकड्याशी जुळत होता. अडीच वर्षांपूर्वी मिस्त्रींना त्या पाच कड्या दिसल्या होत्या.

“तेव्हा माझे आकडे वेगळे होते,” ताई म्हणाली. “पट्टीच्या चिठ्ठीवर लिहिलेले. तुम्हीच पट्ट्या कोठारात लावत होतात. बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, माझंच चुकलं,” मिस्त्री म्हणाले. “तुमचं चुकेल असं कसं वाटणार? खोडून तुमचा आकडा लिहायला घेतला होता. पण मोजलं की पुन्हा तेवढंच भरायचं, मग हात होईना. पुढे त्या मुलीला कडी सापडली, तेव्हा लक्षात आलं. तरी वाटलं, माझं मोजणं कोण धरणार. पण ते चुकलंच माझं. सांगायला हवं होतं.”

एकेचाळिसाव्या कांडीला सरांचं बोट थांबलं. मिस्त्रींची एक कडी कमी होती. ताईने पट्टी फळीवर बसवली, हँडल फिरवलं आणि खुर्ची मागे सरकवून मिस्त्रींना जागा दिली.

“इथे बघा. या जाड कडीच्या पोटाला चिकटून आहे.”

मिस्त्री बराच वेळ वाकून राहिले.

“सुटली खरी,” ते म्हणाले, आणि मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटकाच होती. “बरं झालं. सगळंच जुळलं असतं तर वाटलं असतं, मी तुमचं बघून उतरवलंय.”

सर मोठ्याने हसले. महिनाभरात ते हसलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी तक्ता टेबलावर ठेवला आणि कोऱ्या रकान्यावर बोट टेकलं.

“करा सही. बेचाळीस आत्ता करा. ती एक पुन्हा मोजून उद्या.”

“इथे? मी?”

“मोजलं कुणी?”

“मी.”

“मग?”

मिस्त्रींनी दोन्ही हात पँटला पुसले. आज त्यांना भुसा लागलेला नव्हता, तरी पुसले. ताईने पेन पुढे केलं.

“सही नुसती मारायची, की नाव लिहायचं?” त्यांनी विचारलं.

“नाव लिहा,” ताई म्हणाली. “पूर्ण.”

ते डाव्या टेबलाशी बसले. नुकता मोकळा झालेला हात कागदावर टेकायलाच त्यांना वेळ लागला. मग त्यांनी पहिल्या ओळीत, लाकडावर खूण करावी तसं एकेक अक्षर जपून काढत, आपलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिलं. बावीस वर्षांत ताईने ते पहिल्यांदाच वाचलं. चष्मा न लावता वाचलं. ते नाव तिने मनातल्या मनात एकदा म्हणून बघितलं, आणि मिस्त्री दुसऱ्या ओळीकडे वळले तेव्हा त्यांना नीट दिसावं म्हणून दिवा जरा पुढे ओढला.